वड्याचे तेल वांग्यावर



राग एकाचा असतो आणि निघतो दुसऱ्यावर, तेव्हा आपण म्हणतो, वड्याचे तेल वांग्यावर. कचेरीत साहेब बोलला म्हणून घरी येऊन पोरावर डाफरणारे बाप आपण सर्वांनीच पाहिलेले आहेत. माणसाच्या शरीरालाही नेमकी हीच खोड आहे. शरीराचा राग असतो झाडाच्या परागकणांवर, म्हणजे फुलातून वाऱ्यावर उडणाऱ्या बारीक पिवळ्या धुळीवर. तो निघतो मात्र सफरचंदावर, गाजरावर, नाहीतर कलिंगडावर. फळाचा घास तोंडात घातला की ओठ चुरचुरतात, टाळूला खाज सुटते, घसा खवखवतो. माणूस म्हणतो, "हे फळच मला बाधते." फळ बिचारे निर्दोष असते. भांडण दुसऱ्याशीच असते.

काही जण म्हणतील, आपल्या घरात सफरचंद येते ते कोणी दवाखान्यात पडला तरच. मग हा विषय आपल्याला कशाला? विषय आपलाच आहे, आणि त्याची कारणे दोन. पहिले कारण असे की, ही गोष्ट न समजल्यामुळे चांगले, स्वस्त, पोटभरीचे अन्न पोरांच्या ताटातून कायमचे काढले जाते, आणि ते काढायला सांगणाऱ्या तपासणीसाठी घामाचे पैसे मोजले जातात. दुसरे कारण त्याहून गंभीर. साधी खाज आणि जिवावरचा प्रसंग यांतला फरक ओळखता आला नाही तर माणूस हातचा जातो. मी पेशाने कारकून, डॉक्टर नव्हे. पण वस्तीतील आजारी माणसांबरोबर सरकारी इस्पितळाच्या रांगेत उभे राहताना जे प्रश्न लोक विचारतात, त्यांची उत्तरे वाचून, समजून घेऊन आपल्यापुढे ठेवणे हे या सदराचे कामच आहे.

पहारेकऱ्याजवळचा फोटो

अ‍ॅलर्जी हा शब्द आज पोरासोरांच्या तोंडी आहे. तो १९०६ साली व्हिएन्ना शहरातील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी रूढ केला. ज्या वस्तूने इतरांना काही होत नाही, त्या वस्तूवर एखाद्याच्या शरीराने वेगळाच, जादा जोराचा उलटा तडाखा देणे, असा त्याचा साधा अर्थ.

आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी एक यंत्रणा आहे. ती कारखान्याच्या फाटकावरील पहारेकऱ्यासारखी आहे असे समजा. एखादी निरुपद्रवी वस्तू, उदाहरणार्थ परागकण, तिला शत्रू वाटली की ती त्या वस्तूचा जणू फोटो काढून ठेवते. हे फोटो म्हणजे आयजीई नावाचे प्रतिपिंड. १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेत काम करणारे इशिझाका हे जपानी पती-पत्नी आणि स्वीडनमधील योहानसन व बेनिक या दोन गटांनी त्यांचा शोध लावला. हे फोटो त्वचा, नाक, तोंड, आतडे येथील काही पेशींवर चिकटवलेले असतात. पहिल्या भेटीत काही होत नाही, फक्त फोटो निघतो. पुढच्या भेटीत फोटो जुळला की त्या पेशी फुटल्यासारख्या होऊन हिस्टामिन नावाचे रसायन बाहेर टाकतात. त्याने खाज सुटते, सूज येते, शिंका येतात, नाक वाहते.

आता गंमत पाहा. पहारेकऱ्याजवळच्या फोटोत पूर्ण माणूस नसतो, फक्त नाक-डोळे असतात. तेच नाक-डोळे असलेला चुलतभाऊ फाटकातून आला तर पहारेकरी त्याचीही मानगूट धरतो. तो नाव विचारत नाही, गाव विचारत नाही. झाडपाल्याच्या जगात असे एकाच तोंडवळ्याचे चुलतभाऊ फार आहेत. परागकणातील एखादे प्रथिन आणि फळातील एखादे प्रथिन यांची घडण सारखी असली की परागकणाचा फोटो फळाला जुळतो. याला वैद्यकात आडप्रतिक्रिया म्हणता येईल. आपल्या भाषेत ती चोर सोडून संन्याशाला फाशी.

पतंग उडवणारा डॉक्टर

परागकणांनी माणूस आजारी पडतो हेही पूर्वी कोणी मानत नव्हते. इंग्लंडमध्ये ठरावीक दिवसांत लोकांना शिंका येत, डोळे चोळून लाल होत. जॉन बोस्टॉक या डॉक्टरांनी १८१९ साली स्वतःच्याच या दुखण्याचे वर्णन वैद्यकीय सभेपुढे मांडले. पण कारण सापडले नव्हते. कोणी ऊन म्हणे, कोणी वाळलेल्या गवताचा वास म्हणे.

मँचेस्टरचे डॉक्टर चार्ल्स ब्लॅक्ली यांना स्वतःला हा त्रास होता. त्यांनी अंदाज बांधत बसण्याऐवजी प्रयोग केले. परागकण गोळा करून ते स्वतःच्याच नाकात घातले, कातडीवर ओरखडा काढून त्यावर लावले आणि काय होते ते लिहून ठेवले. हवेत उंचावर परागकण असतात का हे पाहण्यासाठी चिकट द्रव लावलेल्या काचा पतंगाला बांधून वर पाठवल्या. १८७३ साली त्यांनी हे सारे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. आज डॉक्टर हातावर थेंब टाकून सुईने टोचतात आणि गांधी उठते का पाहतात, त्या तपासणीचे मूळ या माणसाच्या ओरखड्यात आहे.

बर्चचे झाड आणि सफरचंद

या विषयाचे सर्वांत चांगले तपासलेले उदाहरण उत्तर आणि मध्य युरोपातले आहे. तेथे बर्च नावाचे पांढऱ्या सालीचे झाड रानात, रस्त्याकडेला, बागांत सगळीकडे असते. आपल्या हिमालयातील भूर्जवृक्ष हा त्याचाच भाऊबंद. ज्या भूर्जपत्रावर गांधार देशातील अतिप्राचीन बौद्ध ग्रंथ लिहिले गेले, ती याच कुळातील झाडाची साल. महाराष्ट्राच्या मैदानात मात्र हे झाड नाही.

स्वीडन, जर्मनी, ऑस्ट्रिया या देशांत एप्रिल-मे महिन्यांत बर्च फुलतो आणि हवेत परागकणांचे लोट उठतात. त्यांनी शिंकणाऱ्या लोकांपैकी निम्म्याहून अधिकांना कच्चे सफरचंद, नासपती, चेरी, पीच, हेझलनट, गाजर किंवा सेलरी नावाची कोथिंबिरीच्या कुळातील भाजी खाल्ल्यावर तोंडात खाज सुटते, असे अनेक पाहण्यांत आढळले. १९८७ साली लंडनच्या डॉक्टरांनी तोंडाच्या या त्रासाला वेगळे नाव दिले. पण झाड कुठे, गाजर कुठे? दोघांचा संबंध काय?

उत्तर व्हिएन्नातच मिळाले. तेथील हाइमो ब्राइटेनेडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली बर्चच्या परागकणातील मुख्य उपद्रवी प्रथिनाचे जनुक शोधून काढले. त्याची घडण वाटाण्याच्या एका जनुकासारखी निघाली. वाटाण्याच्या रोपावर रोग पडला की ते रोप आपल्या बचावासाठी हे जनुक कामाला लावते. म्हणजे ही झाडांची स्वसंरक्षणाची प्रथिने आहेत. बुरशी, कीड, इजा यांना तोंड देण्यासाठी झाडांनी ती बाळगलेली असतात, आणि म्हणूनच ती एका झाडात नाही, शेकडो झाडांत थोड्याफार फरकाने सापडतात. सफरचंदात आहेत, गाजरात आहेत, सोयाबीनमध्ये आहेत, भुईमुगात आहेत. बर्चचा फोटो घेऊन बसलेला पहारेकरी सफरचंदाला का पकडतो, ते आता कळेल.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. हे विशिष्ट प्रथिन फार नाजूक आहे. उकळले, भाजले की त्याची घडी मोडते. पोटातील आम्लातही ते टिकत नाही. म्हणून त्रास बहुधा तोंडापुरता राहतो, घास घेतल्यावर काही मिनिटांत सुरू होतो आणि तासाभरात विरतो. म्हणूनच कच्च्या सफरचंदाने ज्याचे ओठ खाजतात, तोच माणूस शिजवलेले सफरचंद मिटक्या मारत खातो. कच्चे गाजर बाधते, गाजराचा हलवा बाधत नाही. आपल्याकडे लोक अशा माणसाला ढोंगी म्हणतील. तो ढोंगी नाही, त्याचे शरीर खरे तेच सांगते आहे.

मात्र हा नियम सर्वांना लागू नाही. सेलरी शिजवल्यावरही काहींना बाधते. आणि बर्चची अ‍ॅलर्जी असलेल्यांपैकी काहींना सोयाबीनचे दूध भरपूर प्यायल्यावर घसा सुजण्यापर्यंत गंभीर त्रास झालेला आहे, कारण पातळ पदार्थ एकदम मोठ्या प्रमाणात पोटात जातो.

देश बदलला की जोडी बदलते

ज्या देशात जे फुलते त्याप्रमाणे आडप्रतिक्रियेच्या जोड्या ठरतात. उत्तर अमेरिकेत रॅगवीड नावाचे तण शरद ऋतूत लाखो लोकांना शिंकायला लावते. हे सूर्यफूल-झेंडूच्या कुळातले. १९७० साली अमेरिकेतील डॉक्टरांनी नोंदवले की, रॅगवीडचा त्रास असलेल्या काही जणांना खरबूज, कलिंगड आणि केळे खाल्ल्यावर तोंडात खाज येते. काकडीचाही याच यादीत समावेश होतो. युरोपात मगवर्ट नावाचे दुसरे एक रानटी झुडूप आहे, आपल्या सुवासिक दवण्याच्या कुळातले. त्याच्या परागकणांची अ‍ॅलर्जी असलेल्यांपैकी काहींना सेलरी आणि तिच्या कुळातील धने, जिरे, बडीशेप हे मसाले बाधतात.

स्पेन, इटलीकडे चित्र पुन्हा वेगळे. तेथे पीच फळाच्या सालीत असलेले एक प्रथिन मुख्य अपराधी आहे. ते चिवट आहे. शिजवून मोडत नाही, पोटातही टिकते आणि रक्तात मिसळून सर्वांगावर परिणाम करते. म्हणजे "शिजवले की भीती नाही" हा बर्चच्या देशातला नियम पीचच्या देशात जीवघेणा ठरू शकतो. आपली शिकलेली मुले, परिचारिका झालेल्या मुली आज परदेशात नोकरीला जातात. तेथे दोन-चार वसंत ऋतू गेल्यावर आयुष्यात पहिल्यांदा सफरचंदाने तोंड खाजू लागले, तर त्यांनी घाबरू नये, पण डॉक्टरांना आपण शिंकतो कधी हेही सांगावे.

आपल्या दारचे गवत, आपल्या हातचे मोजे

आता आपल्या वस्तीकडे येऊ. रेल्वेच्या रुळांकडेला, उकिरड्यावर, रिकाम्या प्लॉटवर पांढऱ्या बारीक फुलांचे गाजर गवत आपण रोज पाहतो. त्यालाच काँग्रेस गवत म्हणतात. अमेरिका खंडातून आलेल्या या तणाची भारतात पुण्याजवळ १९५० च्या दशकाच्या मध्यावर नोंद झाली आणि पाहता पाहता ते देशभर पसरले. पाने गाजरासारखी म्हणून नाव गाजर गवत, पण गाजराशी त्याचे काही नाते नाही. नाते आहे ते अमेरिकेतील रॅगवीडशी. दोघांचे परागकण एकमेकांना जुळतात, हे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रसिद्ध झालेल्या भारतीय संशोधनात दिसले आहे. नावावर आणि रूपावर जाऊ नका असे मी म्हणतो ते यासाठीच. गाजरासारखे दिसणारे गवत गाजराचे कोणी नाही, आणि गाजरासारखे मुळीच न दिसणारे बर्चचे झाड मात्र गाजराशी जुळते.

या गवताने आपल्या माणसांना दोन प्रकारे त्रास होतो. परागकणांनी सर्दी-शिंका-दमा होतो, आणि गवताला अंग लागून त्वचा फाटते, काळी पडते, चिघळते. हा दुसरा त्रास वेगळ्या यंत्रणेने होतो, पण तो भोगतात कोण? नगरपालिकेच्या बागेत, रस्त्यावर, शेतावर उघड्या हातांनी ते उपटणारे आपले भाऊ-बहिणी. गवत फुलावर येण्यापूर्वी काढावे, बाह्या लांब असाव्यात, हातात मोजे आणि नाका-तोंडावर फडके असावे. हे मागणे म्हणजे चैन नव्हे. आणि ज्याला या गवताच्या दिवसांत शिंका येतात, त्याला काकडी, खरबूज, केळे खाताना तोंडाला खाज सुटत असेल तर त्याने दोन्ही गोष्टी डॉक्टरांना एकत्र सांगाव्यात.

मोजे म्हटले की दुसरी एक जोडी आठवते. ती परागकणांची नाही, पण न्याय तोच. रबराच्या झाडाच्या चिकापासून बनवलेल्या पातळ मोज्यांची काहींना अ‍ॅलर्जी होते. १९८० नंतर इस्पितळांत मोज्यांचा वापर वाढला तसा हा त्रासही जगभर वाढला. अशा लोकांपैकी तीस ते पन्नास टक्क्यांपर्यंत लोकांना केळे, अव्होकाडो, किवी, चेस्टनट अशी फळे बाधतात असे आढळले. स्पेनमधील डॉक्टरांनी १९९४ साली या जोडीला नाव दिले. इस्पितळात वॉर्डबॉय, आया, परिचारिका, सफाई कामगार म्हणून आपल्या समाजाची किती माणसे राबतात हे सांगायला नको. मोजे घातल्यावर हात खाजून गांधी उठतात, फुगा फुगवताना ओठ सुजतात आणि केळे खाल्ले की घसा खाजतो, असे ज्यांना होते त्यांनी प्रसूती, शस्त्रक्रिया किंवा दात काढण्यापूर्वी हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. रबराविना बनवलेले मोजे मिळतात. सांगितले नाही तर टेबलावर जिवाशी गाठ पडू शकते.

रिपोर्ट म्हणजे आजार नव्हे

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आमच्या वस्तीतील एक आई मध्यंतरी मुलाचा रक्ताचा रिपोर्ट घेऊन आली. अंगावर खाज येते म्हणून कोणीतरी तपासणी करायला सांगितली होती. पैसे उसने काढले होते. रिपोर्टात शेंगदाणा, तूरडाळ, हरभरा, केळे, टोमॅटो, तीळ अशी भली मोठी यादी होती, आणि घरात त्या दिवसापासून पोराला नुसता भात आणि बटाटा चालू होता. मी विचारले, "शेंगदाण्याचा लाडू खाऊन याला कधी काही झाले होते का?" ती म्हणाली, "रोज खायचा. कधी काही नाही झालं."

हाच तो सापळा आहे. रक्ताची तपासणी फक्त एवढेच सांगते की पहारेकऱ्याजवळ अमुक तोंडवळ्याचा फोटो आहे. तो फोटो त्या अन्नाचा आहे की एखाद्या परागकणाचा, आणि फोटो जुळल्यावर शरीर खरोखर काही गडबड करते की नाही, हे ती सांगत नाही. शिवाय १९८१ साली हॉलंडमधील आल्बर्से आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, झाडांच्या प्रथिनांना चिकटलेल्या साखरेच्या साखळ्याही अनेक वनस्पतींत सारख्याच असतात. त्यांच्याविरुद्ध रक्तात प्रतिपिंड असले तर परागकण, डाळी, फळे सगळ्यांसमोर पॉझिटिव्ह असे छापून येते, आणि माणसाला बहुधा काहीही होत नाही.

हा फरक किती मोठा असतो? आपल्या शेजारच्या कर्नाटकात प्रौढांची एक मोठी पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. चोवीस अन्नपदार्थ घेऊन रक्त तपासले तर २६.५ टक्के लोकांत कुठल्या ना कुठल्या पदार्थाविरुद्ध प्रतिपिंड सापडले. लोक जे पदार्थ फारसे खातही नाहीत, त्यांच्याविरुद्धसुद्धा सापडले. प्रत्यक्ष अन्नाची अ‍ॅलर्जी असण्याचा संभव असलेले लोक मात्र १.२ टक्के होते. मी हिशेबाचा माणूस आहे, म्हणून हिशेबाने सांगतो. हजार माणसांपैकी दोनशे पासष्ट जणांच्या रिपोर्टवर लाल खूण येईल, आणि खरा आजार असेल बारांना. बाकीच्या अडीचशे जणांनी रिपोर्ट वाचून जेवण सोडले, तर त्यांच्या उपासमारीला जबाबदार कोण?

याहून वाईट प्रकार म्हणजे आयजीजी नावाच्या दुसऱ्याच प्रतिपिंडाची तपासणी करून पन्नास-शंभर पदार्थांची यादी हातात देणे. आयजीजी तर आपण जे खातो त्याची शरीराने घेतलेली साधी नोंद असते. अन्नाची अ‍ॅलर्जी ओळखण्यासाठी ही तपासणी करू नये, असे युरोपातील अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ सालीच स्पष्ट केले आहे. त्यासाठी एक रुपयाही घालवू नका.

याचा अर्थ तपासणी खोटी असा नाही. अगोदर त्रास झाला, कशाने झाला याचा संशय पक्का झाला, मग तेवढ्याच पदार्थाची तपासणी केली, तर तिचा उपयोग आहे. अगोदर यादी आणि मग त्रास शोधणे हा उलटा कारभार झाला.

प्रत्येक खाज अ‍ॅलर्जी नव्हे

आपल्या आया-आज्यांना हे ठाऊक होते. अळू नीट शिजला नाही की घसा खाजतो, सुरण चिरताना हात खाजतात. त्या चिंच नाहीतर आमसूल घालून चांगले शिजवत. ही खाज अळूतील सुईसारख्या बारीक स्फटिकांची. ती सगळ्यांनाच येते, तिला अ‍ॅलर्जी म्हणत नाहीत. अननसाने जीभ चरचरते ती त्यातील पाचक रसाने.

आणि वांगे? गरिबाच्या घरची ही भाजी फार बदनाम आहे. म्हैसूरच्या संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सुमारे नऊ टक्के लोकांनी वांगे बाधते असे सांगितले, तपासल्यावर आयजीईची खरी अ‍ॅलर्जी एक टक्क्याहूनही कमी लोकांत निघाली. वांग्यात मुळातच थोडे हिस्टामिन असते, त्यामुळे अ‍ॅलर्जी नसतानाही काहींना खाज येऊ शकते. वड्याचे तेल वांग्यावर काढण्याची आपली सवय इथेही आहेच.

मग करायचे काय?

एक – शाळेची जुनी वही घ्या आणि रकाने पाडा. तारीख, काय खाल्ले, कच्चे की शिजलेले, किती वेळाने त्रास झाला, काय झाले, त्या दिवसांत शिंका येत होत्या का, आणि खाण्याआधी धावपळ, कष्टाचे काम किंवा अंगदुखीची गोळी झाली होती का. या शेवटच्या गोष्टींनी त्रास वाढतो. महिनाभराची अशी वही डॉक्टरांना शंभर पदार्थांच्या रिपोर्टापेक्षा अधिक सांगते.

दोन – ज्याने त्रास होतो तेवढेच थांबवा. आजवर जे बिनत्रास खात आलात ते केवळ कागदावर नाव आले म्हणून सोडू नका. मुलांच्या ताटातून डाळ, शेंगदाणा, केळे काढण्यापूर्वी जवळच्या सरकारी किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात दाखवा.

तीन – तोंडापुरती खाज असेल तर घास थुंकून द्या, चूळ भरा, थोडा वेळ थांबा. "थोडे थोडे खाऊन सवय होईल" म्हणून घरी प्रयोग करू नका. शेंगदाणा, काजू, सोयाबीन यांच्या बाबतीत तर मुळीच नको, आणि दमा असलेल्याने अधिकच जपावे.

चार – पुढील लक्षणे धोक्याची आहेत. सर्वांगावर गांधी उठणे, जीभ किंवा घसा सुजणे, आवाज बसणे, श्वास लागणे, छातीत घरघर, पुन्हा पुन्हा उलट्या, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी. यांपैकी काहीही दिसले तर दृष्ट लागली म्हणून मीठ-मोहऱ्या उतरवत बसू नका आणि मेडिकलच्या दुकानातील गोळीच्या भरवशावर राहू नका. अ‍ॅलर्जीच्या गोळीने खाज कमी होते, बंद होणारा श्वास मोकळा होत नाही. त्यावर औषध एकच, मांडीच्या स्नायूत दिलेले अ‍ॅड्रिनालिनचे इंजेक्शन, आणि ते लवकरात लवकर मिळाले पाहिजे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवा. माणसाला आडवे ठेवून पाय उंच करा, श्वास लागत असेल तर टेकून बसवा, पण उठवून चालवत नेऊ नका. बरे वाटले तरी काही तास इस्पितळातच थांबा, कारण झटका परत येऊ शकतो.

आपल्या घरात अन्न सहज येत नाही. पहाटे उठून, पाळ्या करून, ओझी वाहून ते येते. ते कोणाच्या सांगण्यावरून टाकून द्यायचे असेल तर सांगणाऱ्याला कारण विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. "रिपोर्टमध्ये आले आहे" हे कारण पुरेसे नाही. "खाल्ल्यावर काय झाले, किती वेळाने झाले, किती वेळा झाले?" हे तीन प्रश्न तुम्ही स्वतःला विचारा आणि डॉक्टरांनाही विचारायला लावा. वस्तीतील ज्या ज्या घरात अशी लांब यादी भिंतीला चिकटवलेली असेल, त्या घरात हा अंक वाचून दाखवा.